पांढऱ्या शिडाची वाट

आल्मेरेहून आम्स्टरडॅमकडे जाणारी गाडी पाण्यावरच्या पुलावर आली की डब्यातली निम्मी माणसं मोबाइलमधून मान वर काढून बाहेर बघतात. आठल्ये नेमके त्याच वेळी खिडकीकडे पाठ करायचे. बसायला जागा नसेल तर उभ्या उभ्या वळायचे. उभा जन्म जहाजावर काढलेला माणूस, आणि पाणी दिसलं की तोंड फिरवतो! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, डोळ्यांवर ऊन येत असेल. पण इथे डोळ्यांवर यायला मुळात ऊन तर पडायला हवं.

आमचं ऑफिस स्लोटरडाइकला. हवामान बघून जहाजांना वाट सुचवायची, हे कंपनीचं काम. मी तिथे सॉफ्टवेअर लिहायची आणि आठल्ये ते सॉफ्टवेअर कसं चुकतं ते सांगायचे. कुणी ‘कॅप्टन’ म्हटलं की लगेच हात वर करायचे. “कॅप्टन नाही, चीफ ऑफिसर. उगाच बढती देऊ नका.” मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे बोलणं नारळासारखं, वरून टणक. आतलं पाणी दिसायला वेळ लागला.

मी कोथरूडची. मला काळजीबिळजी फारशी होत नसे. ऑफिसात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात धो धो पावसात मी स्टेशनवरून फिट्सने घरी निघाले, तर हे म्हणाले, “पोचलीस की कळव.”

“अहो आठल्ये, सायकलने घरी चाललेय. अटलांटिक ओलांडत नाहीये.”

“बुडणारी जहाजं पुष्कळदा किनारा दिसत असतानाच बुडतात,” ते म्हणाले. “कळव.”

नाही कळवलं, तर तासाभरात फोन. “पोचलीस ना?” बस्स, एवढंच. मी वैतागायची. नवरा हसायचा, म्हणायचा, तुला इथे येऊन सासरे मिळाले. शेवटी भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणून मी रोज घराचं दार उघडायच्या आधी ‘पोचले’ टाइप करायला लागले. उलट उत्तर कधी यायचं नाही. दोन निळ्या खुणा उमटायच्या, संपलं.

दुसरी खोड म्हणजे ‘जाते’ म्हणायचं नाही. ती आपल्याकडे सगळ्यांच्याच घरी असते म्हणा, पण आठल्यांनी ती ऑफिसभर लावली होती. आमच्या डच साहेबालासुद्धा. तो उंच गोरा माणूस संध्याकाळी बॅग उचलून दारातून गंभीरपणे “येतो” म्हणायचा, आणि आठल्ये तितक्याच गंभीरपणे “या” म्हणायचे.

ग्रीक किनाऱ्याचं प्रकरण माझ्या अंगावर आलं ते कामातूनच. नकाशाचा पडदा फार गजबजला होता, म्हणून मी एजियन समुद्रातली बारीकसारीक नावं गाळून टाकली. दुसऱ्या दिवशी आठल्ये माझ्या टेबलाशी येऊन उभे.

“इकारियन समुद्र कुठे गेला?”

“समुद्र आहे की तिथेच. नाव तेवढं काढलंय. जागा अडवत होतं.”

“अगं, ते पोरगं एकदा पडलं ते पुरे नाही झालं? तू परत पाडलंस त्याला.”

मग खुर्ची ओढून बसले आणि माझं जेवण होईपर्यंत बोलत राहिले. इकारसला बापाने पिसं आणि मेण लावून पंख करून दिले. वर जाऊ नकोस असं बजावलं. पोरगं उडायच्या नादात सूर्याजवळ गेलं, मेण वितळलं आणि ते समुद्रात पडलं. तो पडला तो समुद्र त्याच्या नावाचा. हेले नावाची मुलगी सावत्र आईच्या तावडीतून सुटून भावाबरोबर सोनेरी मेंढ्याच्या पाठीवर बसून चालली होती. खाली सामुद्रधुनी आली आणि तिचा हात सुटला. त्या सामुद्रधुनीला तिचं नाव. “आता नकाशावर दुसरंच नाव लिहितात,” आठल्ये म्हणाले. “तेवढंही राहिलं नाही बिचारीचं.” आणि पेलोपोनीजच्या टोकाला तेनारोनचं भूशिर, त्याच्या पोटात गुहा, ती थेट यमाच्या दारात उघडते.

“काय हो, एकही बरी बातमी नाही का त्या किनाऱ्यावर?”

“मी बघितली तेवढ्यात नाही,” ते म्हणाले. “लोकांना वाटतं किनाऱ्याला नावं राजांची देतात. तिथे बघावं तर पडणाऱ्यांची. जो परत आला नाही, त्याचं नाव पाण्याला. म्हणून नाव गाळायचं नाही. कुणीतरी वाट बघत होतं त्यांची.”

मी सगळी नावं परत घातली. साहेबाला सांगितलं, तांत्रिक कारण आहे.

सगळ्यांत जास्त राग त्यांना थीसियसचा होता. ती गोष्ट त्यांनी आमच्याकडे रविवारी जेवताना सांगितली, वरणभात कालवत. अथेन्सचा राजा एजियस. त्याचा मुलगा थीसियस, क्रीटच्या बैलतोंड्या राक्षसाला मारायला निघाला. जहाजाचं शीड काळं. बाप म्हणाला, जिवंत परत आलास तर पांढरं शीड लाव, म्हणजे मला लांबूनच कळेल. पोराने राक्षस मारला, त्याच्या तोंडी द्यायला नेलेल्या सगळ्यांना सोडवलं, परत निघाला. आणि शीड बदलायला विसरला. म्हातारा सूनियनच्या कड्यावर रोज येऊन उभा राहायचा. त्याला काळं शीड दिसलं आणि त्याने खाली उडी टाकली. तेव्हापासून तो एजियन समुद्र.

“विसरला!” आठल्यांचा हात ताटातच थांबला. “जिंकल्याच्या आनंदात विसरला म्हणे! अरे, बाप उभा आहे ना तिथे!”

आमची सई तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजी-डच मिसळलेली. तिने पापड मोडता मोडता विचारलं, “बट व्हाय डिडन्ट ही जस्ट वेट? बोट येतच होती ना?”

आठल्ये तिच्याकडे बघतच राहिले. जहाज तर समोरून येत होतं. किनाऱ्याला लागेपर्यंत थांबला असता, तर पोरगा उतरून गळ्यात पडला असता. इतकी वर्षं गोष्ट सांगतोय, त्यांनी नंतर मला कबूल केलं, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी गाडीत भेटल्या भेटल्या म्हणाले, “तुझ्या मुलीने घोळ घातलाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

“झोप तर तुम्हाला तशीही लागत नाही.”

“हाउसआर्ट्स डॉक्टरीणही तेच म्हणाली. सगळं ठीक आहे, काळजी कमी करा. म्हणजे श्वास कमी घ्या म्हणाली असती, तरी चाललं असतं.”

ही काळजी होती ती रेवतीची. रेवती त्यांची एकुलती एक मुलगी, तीही जहाजावरच. थर्ड ऑफिसर. बापाने नको नको म्हटलं, पण खाण तशी माती. ती पहिल्यांदा जहाजावर गेली तेव्हा बापलेकीने एक खूण ठरवली होती. जहाज समुद्रात असेल तोवर व्हॉट्सॲपवर तिचा डीपी काळा, नुसता काळा चौकोन. बंदराशी सुखरूप नांगर पडला की पांढरा. बोलायला वेळ मिळो न मिळो, बापाने फोन उघडून बघायचं.

मला हे कळलं तेव्हा मी गाडीत ओरडलेच. “अहो, शुभ बोल नाऱ्या! त्या गोष्टीचा शेवट काय झाला ते माहीत असून हीच खूण घेतलीत?”

“म्हणूनच घेतली. गोष्ट माहीत असलेली पोरगी विसरणार नाही.”

दुसरा नियम असा, की रेवतीचं जहाज ते ऑफिसच्या पडद्यावर स्वतः कधीच बघायचे नाहीत. आपल्या माणसाच्या जहाजाकडे बघताना डोकं ठिकाणावर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते बघायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी कॉफी घेताना मी नुसतं म्हणायचं, “ठीक आहे.” मग त्यांची कॉफी पोटात जायची.

पाण्याकडे पाठ का, ते त्यांनी एकदाच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. गाडी पुलावरच सिग्नलला अडकली होती आणि त्यांना पाठ करून बराच वेळ बसावं लागलं, तेवढ्यात. फार वर्षांपूर्वी त्यांचं जहाज ग्रीसच्या दक्षिण टोकाजवळ मालेआच्या भूशिराला वळसा घालत होतं. तिथे वारा असा काही उलटतो की खलाशांची जुनी म्हणच आहे, मालेआला वळसा घालणार असशील तर घरच्यांना विसर. हवा फार वाईट होती, जहाजाचा संपर्क तुटला होता. त्याच दिवसांत रत्नागिरीला त्यांच्या पत्नीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. निरोप पोचला तेव्हा मागे सगळं उरकलेलं होतं. शाळेतल्या रेवतीने मामाच्या हाताला धरून सगळं बघितलं.

“मी त्या दिवशी डेकवर म्हण सांगत होतो पोरांना,” आठल्ये म्हणाले. “हसत होतो.” गाडी हलली. मी त्यांच्या शेजारून उठून समोर जाऊन बसले, म्हणजे त्यांना बघायला खिडकीऐवजी कुणीतरी असावं.

आणि त्या हिवाळ्यात रेवतीचं जहाज पिरेयसला, अथेन्सच्या बंदराला, निघालं, मालेआवरूनच.

हवेचा अंदाज आमच्याच ऑफिसात बनत होता, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. आठल्ये शांत होते. इतके शांत, की त्यांच्या वाटची काळजी मीच करायला लागले. पोचायच्या आदल्या दिवशी पडद्यावरचा ठिपका मालेआपाशी आला आणि नाहीसा झाला. असं होतं, तिथे सिग्नल जातो, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी दर थोड्या वेळाने उठून पाणी प्यायला जात होते, आणि ते माझ्या जाण्यायेण्यावरून सगळं ओळखत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपका उगवला. पिरेयसच्या बाहेर, नांगर टाकून.

मी जवळजवळ धावतच गेले. “लागलं हो! लागलं जहाज!”

त्यांनी फोन उघडून माझ्यासमोर धरला. काळा चौकोन.

“कामात असेल. विसरली असेल.”

“तोही विसरलाच होता,” ते म्हणाले. “आणि जहाज त्याचंही लागलं होतं.”

तिचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मग त्यांनी तिच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, वादळात डेकवर अपघात झाला आहे, एकाला बोटीने हॉस्पिटलला हलवलंय, नाव आधी घरच्यांना कळवतो आम्ही. “मग आम्ही कोण आहोत?” आठल्यांनी विचारलं. तो म्हणाला, सर, होल्ड करा. आणि लाइन कटली. परत लावला तर एंगेज.

मला त्यातून असं दिसत होतं, की रेवती असती तर यांना आत्तापर्यंत फोन आला असता. त्यांना असं दिसत होतं, की तो फोन आता येणार आहे. एकच गोष्ट, दोघांना दोन बाजूंनी दिसत होती, आणि माझी बाजू खरी असं मी छातीठोक सांगू शकत नव्हते.

मला साहेबाने मीटिंगला बोलावलं. नाही म्हणता आलं नाही. काचेतून दिसलं, आठल्यांनी कोट घातला, टोपी घातली. दाराशी थांबून आमच्याकडे बघून म्हणाले, “जातो.”

साहेब नेहमीसारखा मान हलवून “या” म्हणाला. आठल्यांच्या तोंडून ‘जातो’ मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

मीटिंग अर्धी टाकून मी निघाले. ते प्लॅटफॉर्मवर नव्हते, गाडीत नव्हते, फोन उचलत नव्हते. गाडी पुलावर आली तेव्हा मी खाली पाण्याकडे बघितलं आणि चटकन मान फिरवली. आल्मेरेला उतरून सईला शाळेतून घेतलं, सायकलवर मागे बसवलं आणि तशीच आठल्यांच्या घरी. दार बंद. बेल वाजवून बोट दुखलं. त्यांच्या घरामागून चालत गेलं की डाइक लागतो. इतकी वर्षं तिथे राहून हा माणूस त्या बांधावर कधी चढला नव्हता.

“मम्मा, का एवढी फास्ट?” सई मागून विचारत होती. “वारोम? का?” तिला काय सांगू? आम्ही दोघी समुद्र हटवून त्याच्या तळावर वसवलेल्या गावात सायकल हाणत होतो, आणि मी देवाला म्हणत होते, आठल्यांचं नाव कुठल्याही पाण्याला पडू देऊ नकोस.

ते बांधावरच्या बाकावर बसले होते. पाण्याकडे तोंड करून. मावळायला आलं होतं, वारा कापत होता, टोपी हातात होती.

“आठल्ये!” मी इतकी मोठ्याने ओरडले की एक कुत्रं थबकलं. “फोन का उचलत नाही तुम्ही? जीव गेला माझा!”

“लाइन मोकळी ठेवलीय तिच्यासाठी,” ते म्हणाले. “तूच मेली सारखी मध्ये येतेस.”

मी धपकन शेजारी बसले. “मला वाटलं...”

“काय वाटलं ते कळलं. अगं, इथे पाणी गुडघाभर. उडी टाकली तर पाय मुरगळेल आणि नगरपालिकेचे लोक येऊन समज देतील.” मग आवाज खाली गेला. “सईचं ऐकतोय. थांबलोय. पण फार वाईट असतं गं हे. एजियसला सोपं पडलं असेल ते. मला हे सोसवत नाहीये, मानसी. आणि उठताही येत नाहीये.”

सई त्यांच्या दुसऱ्या बाजूला चढून बसली. डब्यातलं उरलेलं सफरचंद तिने त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं, खाल्लं नाही. फोन त्यांच्या मांडीवर होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, म्हणून तो वाजला तेव्हा तिघंही दचकलो. नंबर अनोळखी होता. त्यांना उचलवेना. बोट दोनदा काचेवरून घसरलं. शेवटी सईने दाबलं.

“बाबा?”

आठल्यांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. मग म्हणाले, “पोचलीस?”

“पोचले बाबा. सॉरी, फोन केबिनमध्येच राहिला. आमच्या एका खलाशाच्या पायावर दोर तुटून बसला, त्याच्याबरोबर मी हॉस्पिटलला आले. नर्सच्या फोनवरून बोलतेय. डीपी बदलायचं राहूनच गेलं हो.”

“जेवलीस का?”

“नाही अजून.”

“आणि तो? पाय?”

“वाचेल म्हणतात.”

“त्याच्या घरी कळवलंत? बायको आहे ना त्याला? आधी तिला फोन कर. आत्ता. मग जेव. मग माझ्याशी बोल.” आणि फोन ठेवला! इतका वेळ ज्यासाठी जीव टांगणीला लावला होता, तो आवाज एवढाच ऐकून ठेवून दिला. मग तोंडावर टोपी धरली आणि हमसून हमसून रडले. सई त्यांच्या पाठीवर थापटत होती, मी तिला थापटते तशी.

पुढच्या आठवड्यात गाडीत म्हणाले, “थीसियसला मी उगाच शिव्या घातल्या इतकी वर्षं. पोराला काम पडलं असेल काहीतरी.”

वसंतात त्यांनी नोकरी सोडली. रत्नागिरीला कायमचं जायचं ठरलं होतं, पण रेवतीला रजा मिळाली होती, म्हणून आधी दोघं सूनियनला भेटणार होते. सगळा किनारा या माणसाने पाण्यावरून पाहिलेला, जमिनीवरून एकदाही नाही. मी विमानतळापर्यंत सोडायला गेले. गाडी पुलावर आली. ते खिडकीशी बसून बाहेर बघत होते. मी त्याबद्दल काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत.

आत जाताना म्हणाले, “येतो गं.”

“या. पोचलात की कळवा.”

“हे तू मला सांगतेस?” म्हणाले, आणि गेले.

विमान अथेन्सला उतरलेलं मी वेबसाइटवर बघितलं. निरोप नाही. स्वयंपाक केला. निरोप नाही. मी टाकलेल्या ‘पोचलात का?’समोर एकच खूण, तीही करडी. नवरा म्हणाला, अगं, सिमचं काही असेल. मला माहीत होतं, सिमचंच असेल. तरी सकाळी ऑफिसात मी उगाचच अथेन्सच्या रस्त्यांवरच्या अपघाताच्या बातम्या शोधत बसले. मी! कोथरूडची! संध्याकाळी सई म्हणाली, “मम्मा, जस्ट वेट,” आणि मी तिच्यावर खेकसले.

ती झोपायला जाणार तेवढ्यात फोटो आला. उंच कडा, वर देवळाचे पांढरेशुभ्र खांब, ऊन. रेवती कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसतेय. तिच्यामागे आठल्ये कठड्याला टेकून उभे. त्यांचं तोंड काही दिसत नाही, समुद्राकडे आहे. खाली लिहिलं होतं, ‘अगं, काल हिला भेटलो आणि तुला कळवायचं राहूनच गेलं.’

राहून गेलं! आठल्यांचं! मी तिथल्या तिथे भलंमोठं उत्तर झाडायला घेतलं, काय समजता स्वतःला, इथे माणसांचा जीव टांगणीला, वगैरे वगैरे. मग तो फोटो पुन्हा बघितला आणि सगळं पुसून टाकलं.

लिहिलं, ‘जेवलात का?’